‘बहुधा’चा रकाना

तक्रारखिडकीवर बसणाऱ्या माणसाला निदान शिव्या तरी मिळतात. मी यंत्रांच्या तक्रारी वाचायची नोकरी केली. यंत्रं शिव्या देत नाहीत आणि आभारही मानत नाहीत, त्यामुळे आपण काही काम करतो आहोत की नाही हे कळायला मार्ग नसतो. पगार मात्र वेळेवर जमा व्हायचा, म्हणून काम करत असणारच असं मी धरून चालले.

सदाशिव पेठेतून कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचं, दिवसभर यंत्रांची रडगाणी वाचायची आणि त्याच बसमध्ये डुलक्या घेत परत यायचं. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "म्हणजे तुम्ही मशिनं दुरुस्त करता का हो?" मी म्हटलं, "नाही." "मग बिघडवता?" मी हसून पुन्हा "नाही" म्हटलं. हे दुसरं "नाही" मी जरा घाईने म्हटलं होतं, ते कसं ते आता सांगते.

आधी काम काय ते. कुठलंही यंत्र अडलं की एक निरोप लिहून ठेवतं. तो वाचायला माणसाने लिहिल्यासारखा वाटतो, कारण तो कुठल्यातरी इंजिनियरने, जेवायची सुट्टी झालेली असताना, घाईघाईत लिहून यंत्राच्या पोटात भरून ठेवलेला असतो. ‘तीन नंबरचा पंप. पाणी येत नाही. बहुधा झडप अडकली आहे.’ असा एक निरोप कुणीही वाचेल. पण ते पोत्याने यायला लागले की वाचणं संपतं आणि मोजणं सुरू होतं. मोजायचं तर तक्ता हवा. वेळेचा एक रकाना, यंत्राचा एक, काय झालं त्याचा एक, किती गंभीर त्याचा एक. तक्ता झाला की त्याला लाल-हिरवे रंग देता येतात, आणि रंग दिले की साहेबांना मीटिंगमध्ये भिंतीवर दाखवता येतो. वाक्यांचे तुकडे करून ज्या त्या रकान्यात टाकायचे, हे माझं काम.

ते मी जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत करायचे. ही भाषा मुळात वेबसाइटवरची बटणं दाबली जावीत म्हणून जन्माला आली. पुढे भटाला दिली ओसरी, तसं तिने सगळीकडे पाय पसरले आणि आमच्या कामातही येऊन बसली. तिच्यात शब्दांचे साचे लिहिता येतात. निरोप साच्यात बसला तर रकान्यात जातो. नाही बसला तर ‘इतर’ नावाच्या रकान्यात. ‘इतर’ कोणी उघडून बघत नाही. घरातल्या माळ्यासारखं असतं ते.

माझे साचे फार नावाजलेले होते, असं माझंच मत होतं. सुरुवातीला मी एक साचा केला होता. निरोपात ‘एरर’ हा शब्द दिसला की धोक्याची घंटा वाजवायची. साधं, सुटसुटीत. परदेशातल्या एका कारखान्यासाठी तो सुरू केला आणि पहिल्याच दिवशी घंटा वाजायला लागली ती थांबेचना. आमचे साहेब जेवणाचा डबा उघडा टाकून धावत आले. तिकडचा माणूस फोनवर ओरडत होता की आमच्याकडे सगळं व्यवस्थित चालू आहे. निरोप उघडून पाहिले. ते यंत्र मोठं सज्जन होतं. सगळं ठीक असलं की ते दर थोड्या वेळाने कळवायचं, ‘एकही एरर नाही.’ त्यातला ‘एरर’ मी पकडला होता आणि ‘नाही’ सोडून दिला होता. साहेब नुसते म्हणाले, "तुमच्या घरी कुणी ‘मला ताप नाही’ म्हटलं तर लगेच कपाळावर पट्टी ठेवता का?"

शहाण्या माणसाला यातून धडा मिळाला असता. मी साचा दुरुस्त केला आणि धडा ‘इतर’मध्ये टाकला.

मोघ्यांची गोष्ट यानंतर बऱ्याच काळाने घडली. आमची कंपनी थंड खोल्यांवर लक्ष ठेवायचं एक यंत्र विकायची. खोलीतलं तापमान वाढलं की यंत्र निरोप लिहायचं, माझा प्रोग्रॅम त्याचे तुकडे करून तक्त्यात बसवायचा आणि मालकाच्या मोबाइलवर एक ओळ पाठवायचा. मोठमोठी गिऱ्हाइकं सातासमुद्रापलीकडे होती. सगळ्यात लहान गिऱ्हाईक म्हणजे नारायण पेठेतली मोघ्यांची डेअरी. दूध, पनीर, आणि दसऱ्या-पाडव्याला श्रीखंड. मागे एक थंड खोली, पुढे फरशीचा काउंटर, आणि काउंटरवर मोघे. साहेब म्हणाले, "तुमच्या घराजवळच आहे, जाता-येता बघत जा." पुण्यात ‘जाता-येता’ म्हणून दिलेलं काम कधीच जाता-येता होत नाही.

मोघ्यांसाठी मी परदेशी कारखान्याचाच तक्ता उचलला. नवीन लिहायचा आळस, दुसरं काय. त्या तक्त्यात एक रकाना होता ‘जबाबदार’. कारखान्यात तिथे कुठल्या विभागाने बघायचं ते यायचं. मोघ्यांकडे विभाग कसले? तो रकाना उभाच्या उभा रिकामा राहिला. आता रिकामा रकाना मला सहन होत नाही. दळण आणताना एका डब्यात पीठ कमी दिसलं तरी मी दुसऱ्यातलं काढून सारखं करते. मोघ्यांनी मागितलं नव्हतं, कुणीच मागितलं नव्हतं, तरी मी त्यांच्याकडून कामगारांच्या पाळ्यांचं वेळापत्रक मागून घेतलं आणि दोन ओळींचा कोड लिहून निरोपाच्या वेळेला ज्याची पाळी असेल त्याचं नाव त्या रकान्यात आणून बसवलं. तक्ता गच्च भरला. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी बसमध्ये झोपसुद्धा लागली नाही.

दसरा जवळ आला तेव्हा मोघ्यांचा फोन आला. "मॅडम, तुमचा तक्ता फारच उपयोगी पडला. सकाळी एकदा येऊन जा."

मोघ्यांनी कुणाला उपयोगी म्हटल्याचं पेठेत कुणी ऐकलं नव्हतं. मी चांगली साडी नेसून गेले.

थंड खोलीच्या दारावर माझा तक्ता चिकटवलेला होता. मोघ्यांनी तो छापून, वर प्लास्टिक चढवून आणला होता. वरपासून खालपर्यंत एकच मजकूर होता. ‘दार उघडे’, ‘दार उघडे’, ‘दार उघडे’, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘वंदना’.

वंदनाताई मोघ्यांकडे बऱ्याच वर्षांपासून होत्या. वाशीमकडच्या. नवऱ्याबरोबर पुण्यात आल्या, आधी धुण्याभांड्याची कामं केली, मग इथे लागल्या. चक्का टांगणं, घोटणं, आणि थंड खोली सांभाळणं त्यांच्याकडे. खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. त्या दिवशी ती नव्हती. ती मोघ्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होती.

"चक्का आंबला," मोघे म्हणाले. "सबंध घाणा टाकून द्यावा लागला. दार उघडं टाकून गप्पा मारत बसायचं आणि वर म्हणायचं, मी लावलं होतं. आता लेखी सापडलंय. दसरा झाला की यांना नारळ."

म्हणजे नोकरी जाणार होती. तीही हलगर्जी म्हणून, आणि पेठेतल्या चार डेअऱ्यांमध्ये ही बातमी पसरायला दूध उतू जाण्याइतकाही वेळ लागत नाही. वंदनाताईंना दुसरीकडे कुणी किल्ली दिली नसती.

त्या चक्का घोटता घोटता म्हणाल्या, "मी दार लावल्याबिगर हालत नाही जी. इतक्या वर्साची सवय हाये."

आणि मी, चांगली साडी नेसून आलेली, त्यांना समजावलं, "अहो ताई, रागावू नका, पण यंत्र काही मुद्दाम खोटं बोलत नाही. त्याला कुणाशी वैर नसतं." हे वाक्य मी अनेक मीटिंगांमध्ये वापरलं होतं आणि ते नेहमी चालायचं. इथेही चाललं. वंदनाताई पुन्हा चक्क्याकडे वळल्या. मोघ्यांनी मान डोलावली. आजवर माझ्या तक्त्यात पंप यायचे, झडपा यायच्या. आज पहिल्यांदाच त्यातलं नाव समोर उभं राहून चक्का घोटत होतं.

मोघ्यांनी मला बसवलं, चहा पाजला. चहा पाजणं हाही पेठेतला विक्रमच. मग तासभर ते बोलले. महापालिका, पार्किंग, भेसळीचं पनीर, साखर न खाणारी गिऱ्हाइकं. मी उठले. दारात चपला घालायला लागले.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पुण्यात माणूस कामासाठी आला की तासभर कामाचं सोडून सगळं बोलतो. निघतो, दारात येतो, एक चप्पल पायात घालतो आणि म्हणतो, "बरं, ते एक होतं..." आणि मग जे एक असतं, त्यासाठीच तो आलेला असतो. लग्नाची स्थळं, उसनी शिडी, सोसायटीतली भांडणं, सगळं खरं दारात निघतं. घरचा माणूसही तोवर निर्धास्त असतो, कारण चपला पायात आल्याशिवाय काही मागितलं जाणार नाही हे त्याला ठाऊक असतं.

मोघे घरचे होते आणि मी पाहुणी, पण रीत दोन्ही बाजूंनी चालते. मी एक चप्पल घातली तसे ते म्हणाले, "बरं, ते एक होतं. तुमच्या ओळखीत कुणी चांगला वायरमन आहे का? दसऱ्यासाठी घोटायचं नवीन मोठं मशीन आणलंय. सकाळी पहिला घाणा लावला की दुकानातले दिवे एकदम मंद होतात. बाकी काही नाही. गिऱ्हाइकांना वाटतं आम्ही बिलं भरत नाही."

मी दुसरी चप्पल हातात घेऊन तशीच उभी राहिले.

सकाळी पहिला घाणा. वंदनाताईंची पाळी सकाळची. दिवे मंद होतात म्हणजे विजेचा दाब पडतो. दाब पडला की थंड खोलीचा कॉम्प्रेसर, म्हणजे खोली गार ठेवणारं धूड, बंद पडतं आणि काही वेळ परत सुरू होत नाही. तापमान चढतं. दार बंद असलं तरी चढतं.

मग यंत्राने ‘दार उघडे’ का लिहिलं?

मी चप्पल खाली टाकून आत आले, दुधाच्या रिकाम्या क्रेटवर बसले आणि लॅपटॉप उघडला. तक्ता नाही, यंत्राचे मूळ निरोप काढले. ते मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. गोड पदार्थ करणाऱ्याने घरी गोड खाऊ नये तसं झालं होतं. तक्ता असताना निरोप कोण वाचतो? निरोप इंग्रजीत होता. मराठीत सांगायचा तर असा. पहिली ओळ, ‘तापमान वाढत आहे, बहुधा दार उघडे आहे.’ मग आठ-दहा ओळी मोजमापांच्या. आणि अगदी शेवटी, ‘कारण: वीजदाब कमी, कॉम्प्रेसर थांबला.’

खरं कारण खाली होतं. जिथे असायला हवं तिथेच होतं. यंत्राने आधी एक अंदाज सांगितला, मग तपासणी केली, मग दारात येऊन खरं ते बोललं. माझ्या प्रोग्रॅमने मात्र पहिल्या ओळीनंतर ऐकणं सोडून दिलं होतं. परदेशी कारखान्यांच्या निरोपात खालच्या ओळी म्हणजे नुसता भरताड असायचा, म्हणून पहिली ओळ ठेवायची आणि बाकीच्या फेकायच्या हा माझा जुना शिरस्ता. आणि पहिल्या ओळीतला ‘बहुधा’? तो कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. साच्याने तो चाळून बाजूला काढला होता. जन्मभर पुण्यात राहून, दारात काय निघतं हे पाठ असून, मी असा प्रोग्रॅम लिहिला होता जो पाहुण्याच्या पहिल्या वाक्यालाच दार लावून घेत होता.

मी मोघ्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दारावरच्या प्लास्टिकवर बोट ठेवलं.

"पण इथे तर असं लिहिलेलं नाही."

"अहो, ते मीच लिहिलंय. ते चुकलंय."

"तुम्ही आता तोंडी बोलताय मॅडम. हे लेखी आहे."

"लेखी मीच केलं ना?"

"तेव्हा तुम्ही शांत डोक्याने केलं असेल. आता यांचा चेहरा बघून तुम्हाला दया आली. मला कळतं." मोघे म्हणाले. "आणि यंत्राला कुणाशी वैर नसतं, हे मघाशी तुम्हीच सांगितलंत."

माझंच वाक्य. इतकं चांगलं वाक्य मी का केलं, असं मला झालं.

वाद घालून मोघे हरल्याचा इतिहास नाही. तेव्हा मी म्हटलं, "मोघे, तुम्ही त्या दाराला पाठ लावून उभे राहा. घट्ट. आणि घोटायचं मशीन सुरू करायला सांगा."

"त्याने काय होईल?"

"काही झालं नाही तर मी दसऱ्याला येऊन फुकट चक्का घोटीन."

फुकट हा शब्द कामी आला. मोघे थंड खोलीच्या दाराला पाठ टेकून उभे राहिले. किल्ली त्यांच्या खिशात. वंदनाताई दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, हाताची घडी घालून. मशीन सुरू झालं, दिवे मिचमिचले आणि मंद झाले. मग आम्ही थांबलो. मोघे तिथूनच गिऱ्हाइकांशी बोलत होते. "पनीर संपलं. नाही, संपलं म्हणजे संपलं. मी का असा उभा आहे ते विचारू नका." काउंटरपाशी माणसं वाढली. पेठेत कुणी विनाकारण भिंतीला टेकून उभं राहिलं की बघायला गर्दी होते.

मोघ्यांच्या हातातला मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, चष्मा खाली केला, पुन्हा वाचलं. एक बाई पुढे वाकून मोठ्याने वाचू लागल्या, "दार उघडे. जबाबदार, वंदना."

पहिलं कोण हसलं ते आठवत नाही. पण मोघे दारापासून हलले नाहीत. हललो तर दार खरंच उघडं निघेल अशी भीती त्यांना वाटली असावी. शेवटी ते बाजूला झाले, मागे वळले, दार ओढून पाहिलं. घट्ट बंद. त्यांनी प्लास्टिक चढवलेला तक्ता खसकन काढला.

"यंत्र शिकलेलं होतं म्हणून विश्वास ठेवला," ते म्हणाले. माफी या शब्दाची ही पेठी आवृत्ती. मग त्यांनी खिशातली किल्ली काढून वंदनाताईंपुढे धरली.

पुढे वायरमन आला, मशीनला वेगळी लाइन मिळाली. मी प्रोग्रॅमला निरोप शेवटपर्यंत वाचायला शिकवलं आणि तक्त्यात ‘बहुधा’ नावाचा एक नवा रकाना घातला. यंत्राने नुसता अंदाज केला असेल तर तिथे खूण यायची. साहेबांनी तो भिंतीवर पाहिला आणि विचारलं, "याचा उपयोग काय? निर्णय घेताना याने गोंधळ होतो." मी म्हटलं, "त्यासाठीच आहे." मी निवृत्त होईपर्यंत तो टिकला. आता निरोप वाचायला नवीन हुशार प्रोग्रॅम आले आहेत, ते म्हणे सगळं आपलं आपण समजून घेतात. माझ्या जागेवरच्या मुलीने परवा सांगितलं की तक्ता आता खूप सुटसुटीत झालाय. मला जरा धास्तीच वाटली.

इथे लेख संपवता आला असता. यंत्रावरचा विजय, माणुसकी वगैरे. पण सांगितलं ना, खरं ते दारात निघतं.

त्या सकाळी मोघ्यांनी किल्ली पुढे धरली होती आणि वंदनाताईंनी ती घेतली नव्हती. मी समाधानाने दारात आले. एक चप्पल घातली. एक माणूस वाचवल्याचा चेहरा करून मी दुसऱ्या चपलेत पाय घालत होते, तेवढ्यात मागून वंदनाताईंचा आवाज आला.

"म्याडम, एक इचारू का?"

"विचारा ना."

"दाराचं मशीन चुकलं, ते समजलं मले. लाइटीचं होतं, झालं. पन ते मशीन मले ओळखत बी नाही. मंग त्याले माह्यं नाव कोनं सांगतलं?"

त्या रागाने विचारत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मोघे माझ्याकडे बघत होते. काउंटरवरची माणसंही. निरोप अपुरा वाचला, ही चूक होती; ती कुणाकडूनही झाली असती. पण ते नाव यंत्राने दिलं नव्हतं आणि मालकानेही मागितलं नव्हतं. एक रकाना रिकामा दिसत होता, म्हणून मी तिथे एक बाई बसवली होती.

"मी," मी म्हटलं.

"मंग मिटवा," वंदनाताई म्हणाल्या. "मी पाहून घेतो."

मी दोन्ही चपला काढल्या. आत येऊन क्रेटवर बसले. वंदनाताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, मी एका फटक्यात सगळी नावं पुसली आणि रकाना वरपासून खालपर्यंत मोकळा झाला. त्यांनी मला तो पुन्हा वर नेऊन खालपर्यंत सरकवायला लावला. मग त्यांनी मोघ्यांच्या हातातली किल्ली घेतली आणि कमरेला अडकवली.

मला फार लाज वाटत होती आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "ताई, अर्धा किलो श्रीखंड द्याल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काउंटरपासून पार रस्त्यापर्यंत गेलेल्या माणसांकडे.

"लाइन भाईर हाये म्याडम," त्या म्हणाल्या आणि दार उघडून थंड खोलीत गेल्या. आत गेल्यावर त्यांनी ते लावून घेतलं.

मी चपला घातल्या आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.